अंजिराची विश्रांती

भिवंडीच्या परिसरात अंजिराची व्यापारी बागायत कधी रुजली नाही, आणि ती का रुजली नाही हे शोधू गेल्यास या झाडाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा धागा हाती लागतो. कामवारी नदी आणि उल्हासची खाडी यांच्या आधाराने वाढलेले हे गाव शतकानुशतके कोकणच्या खाडीबंदरांपैकी एक होते. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये येथील व्यापाराचे जे चित्र आहे ते भाताचे, सुक्या मासळीचे, कापडाचे, गवताचे आणि लाकडाचे आहे. इराणच्या आखाताकडून पश्चिम किनाऱ्यावर येणाऱ्या खजूर-सुकामेव्याच्या व्यापारामुळे सुके अंजीर या किनाऱ्याला जुन्या काळापासून परिचित होते, आणि सुतळीत ओवलेल्या, चपट्या दाबलेल्या अफगाणी अंजिरांच्या माळा आजही मुंबईपासून भिवंडीपर्यंतच्या सुकामेव्याच्या दुकानांत टांगलेल्या असतात. फळ किनाऱ्यावर आले, पण झाड आले नाही. त्याचे कारण थंडी नव्हे; उलट या झाडाला जी विश्रांती लागते ती किनाऱ्याच्या दमट उबेत त्याला मिळत नाही, हे आहे.

थंड प्रदेशांतील अंजिराचा इतिहास सांगताना त्याला हिवाळ्यापासून कसे वाचवले याचीच गोष्ट बहुधा सांगितली जाते. ती गोष्ट खरी आणि मोठी रंजकही आहे, परंतु ती एकटी सांगितली तर अपुरी राहते. फ्रान्समधील माळी ज्या झाडाला हिवाळ्यात मातीखाली झाकत होता, त्याच झाडाला दख्खनच्या पठारावरील बागाईतदार पाणी तोडून, पाने गाळून, कृत्रिम हिवाळ्यात नेत होता. दोघांच्या कृती एकमेकींच्या अगदी उलट दिसत असल्या तरी दोघेही झाडाच्या विश्रांतीचाच विचार करत होते, आणि म्हणून त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय दोन्हींचा अर्थ पुरता लागत नाही.

अंजीर हे वड, पिंपळ आणि उंबर यांच्याच कुळातील झाड आहे. भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या बाजूला, तानसा नदीच्या काठाने आणि गावांच्या वेशींवर या कुळातील झाडे विपुल आढळतात. या कुळात ज्याला आपण फळ म्हणतो ती वस्तुतः आत वळलेली, शेकडो बारीक फुले पोटात बाळगणारी मांसल पिशवी असते. तिच्या तोंडाशी एक सूक्ष्म छिद्र असते, आणि उंबरात त्या छिद्रातून शिरणारी बारीक गांधीलमाशी परागीकरणाचे काम करते. म्हणूनच उंबर फोडले की आत किडे दिसतात. पुण्याकडे लावल्या जाणाऱ्या अंजिराच्या जातीला या किड्याची गरज नसते, कारण तिचे फळ परागीकरणावाचूनच वाढते आणि पिकते. असे बिनपरागीकरणाचे अंजीर माणसाने फार लवकर हेरले असावे, कारण जॉर्डन नदीच्या खोऱ्यातील गिलगाल या ठिकाणी सापडलेली नऊ जळकी अंजिरे सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची असून ती याच प्रकारची असल्याचा निष्कर्ष तीन संशोधकांनी २००६ साली मांडला. तो सर्वमान्य ठरला तर अंजीर हे धान्याच्याही आधी लागवडीत आलेले पीक ठरते.

झाडाचे मूळ प्रदेश भूमध्य समुद्राभोवतीचे आणि पश्चिम आशियातील आहेत, जेथे उन्हाळा कोरडा व प्रखर असतो आणि हिवाळा थंड असला तरी जीवघेणा नसतो. तेथे हिवाळ्यात अंजिराची पाने पूर्ण गळतात, रसाचे वहन मंदावते, आणि झाड सुप्तावस्थेत जाते. सुप्तावस्था म्हणजे मृत्यू नव्हे आणि आजारही नव्हे. वाढ थांबवून डोळे मिटून घेण्याची ती झाडाची स्वतःची व्यवस्था आहे. या अवस्थेत असलेले जून लाकूड शून्याखाली नऊ ते बारा अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी साधारणपणे सोसते, परंतु नुकता फुटलेला कोवळा कोंब शून्याखाली एक-दोन अंशांतच काळा पडतो. झाड किती थंडी सोसेल हे त्यामुळे तापमापकाच्या आकड्याइतकेच झाड त्या वेळी झोपलेले आहे की जागे आहे यावर अवलंबून असते.

आता महाराष्ट्रातील थंडीचे आकडे पाहावेत. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश आणि नाशिकमध्ये ७ जानेवारी १९४५ रोजी ०.६ अंश सेल्सिअस अशी नीचांकी नोंद आहे, तर भिवंडीच्या शेजारच्या मुंबईत, सांताक्रूझ येथे, जानेवारी १९६२ मध्ये पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. यांतील कोणत्याही रात्रीने अंजिराचे झोपलेले लाकूड मारले नसते. महाराष्ट्रातील बागाईतदाराला थंडीपासून अंजिराचे झाड वाचवण्याची वेळ आली नाही, याचे कारण एवढे साधे आहे.

पॅरिसची गोष्ट निराळी. डिसेंबर १८७९ मध्ये तेथे पारा शून्याखाली तेवीस अंशांच्याही पुढे गेला होता, आणि इतक्या थंडीत उघड्यावरचे अंजीर मुळापर्यंत सुकते. तरीही त्या शहराच्या परिसरात अंजिराची लागवड होती आणि ती दोन अगदी भिन्न प्रकारे होत होती, एक राजाची आणि एक शेतकऱ्याची. चौदाव्या लुईला अंजीर अतिशय प्रिय होते. व्हर्साय येथील राजाची भाजीबाग १६७८ ते १६८३ या काळात उभी करणाऱ्या ला क्विंतिनी या उद्यानतज्ज्ञाने अंजिराची झाडे मोठ्या लाकडी पेट्यांत लावली. हिवाळा आला की त्या पेट्या निवाऱ्यात हलवायच्या आणि वसंतात पुन्हा बाहेर काढायच्या. अशी सातशेच्या आसपास झाडे तेथे असल्याचे सांगितले जाते. उत्तरेकडील इतर देशांत श्रीमंतांनी आणखी एक मार्ग काढला, तो म्हणजे दक्षिणाभिमुख उंच भिंतीला लगटून झाड वाढवायचे, म्हणजे दिवसा तापलेली भिंत रात्री त्याला ऊब देत राहते. ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च महाविद्यालयात १६४८ साली एडवर्ड पोकॉक या अरबीच्या विद्वानाने सीरियातून आणून लावलेले अंजीर अशाच आश्रयाने शतकानुशतके टिकले.

शेतकऱ्याजवळ पेट्या हलवायला नोकर नव्हते आणि भिंती बांधायला पैसे नव्हते. त्याच्याजवळ माती होती. पॅरिसच्या वायव्येस सीन नदीच्या काठी असलेल्या आर्जंतॉय या गावच्या द्राक्ष-बागाईतदारांनी अंजिराला मातीतच पुरण्याची जी रीत विकसित केली, ती फळबागांच्या इतिहासात अभ्यासण्याजोगी आहे. हे गाव आज क्लोद मोने याच्या चित्रांमुळे ओळखले जाते, पण एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या बाजारात त्याचे नाव शतावरी, द्राक्ष आणि अंजीर यांसाठी घेतले जाई. येथे अंजिराला एक खोड ठेवत नसत. रोप खड्ड्यात तिरके लावून जमिनीलगत अनेक लवचीक फांद्यांचा झुडपासारखा विस्तार घडवत, आणि ही रचना पहिल्या दिवसापासून पुढच्या पुरणीचा विचार करूनच केलेली असे. नोव्हेंबरात कडक गोठण सुरू होण्यापूर्वी उरलेली पाने आणि न पिकलेली फळे काढून टाकत, कारण ती मातीखाली कुजली असती तर फांदीही कुजली असती. मग फांद्यांच्या तीन-चार जुड्या बांधून त्या हळूहळू वाकवत बुंध्याभोवती खणलेल्या चरांत निजवत आणि वर वीतभर किंवा त्याहून जाड मातीचा थर देत. बुंध्यावरही मातीचा ढीग रचत. फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये एखादा सौम्य, ढगाळ दिवस पाहून माती काढत, कारण तीन महिने अंधारात राहिलेल्या सालीला एकदम कडक ऊन किंवा कोरडा वारा सोसत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर झाडाच्या फळण्याच्या पद्धतीत आहे. अंजिराला वर्षात दोन वेळा फळ येऊ शकते. पहिले फळ गेल्या वर्षीच्या जुन्या काडीवर, हिवाळ्याआधीच तयार झालेल्या बारीक डोळ्यांतून, म्हणजे कळ्यांतून, वाढते आणि उन्हाळ्याच्या आरंभी पिकते. दुसरे चालू वर्षीच्या नव्या फुटीवर धरते आणि शरदात पिकते. पॅरिसचा शरद इतका थंड आणि आखूड असतो की दुसरे फळ तेथे क्वचितच पिकते. म्हणजे आर्जंतॉयच्या शेतकऱ्याचे सारे उत्पन्न पहिल्या फळावर, पर्यायाने जुन्या काडीवर अवलंबून होते. थंडीने वरचा भाग मेला तरी अंजीर मुळातून पुन्हा फुटते, त्यामुळे झाड वाचवण्यासाठी पुरण्याची तशी गरज नव्हती. पुरणी होती ती काडी आणि तिच्यावरचे डोळे वाचवण्यासाठी, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यातील फळ वाचवण्यासाठी. बाहेर काढल्यावर शेतकरी शेंड्याचा डोळा आणि पानांचे काही डोळे खुडून झाडाची शक्ती फळाच्या डोळ्याकडे वळवत. फळ पूर्ण आकाराचे झाले की त्याच्या तोंडावरील छिद्रात काडीने जैतुनाच्या तेलाचा एक थेंब ठेवत, ज्यामुळे ते इतरांपेक्षा कित्येक दिवस आधी पिके. तेलामुळे फळात इथिलीन हा पक्वता आणणारा वायू निर्माण होतो, हे विज्ञानाने पुष्कळ नंतर दाखवले. प्रत्येक फळापाशी वाकून एकेक थेंब ठेवणाऱ्या हातांना त्याचा परिणाम आधीपासून ठाऊक होता.

हीच रीत मध्य आशियात फर्गाना खोऱ्यात आणि त्यापलीकडे शिनच्यांगमधील अतुश येथेही आढळते, जेथे अंजीर, डाळिंब आणि द्राक्षवेल हिवाळ्यात मातीखाली झाकतात. हे प्रदेश एकमेकांकडून शिकले की प्रत्येकाने आपापल्या थंडीतून तोच उपाय शोधला, हे ठरवण्यापेक्षा उपाय सर्वत्र सारखा निघाला हीच गोष्ट अधिक बोलकी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिण इटलीतून उत्तर अमेरिकेत गेलेल्या कष्टकरी कुटुंबांनी ब्रुकलिन, न्यू जर्सी आणि टोरांटो येथील घरांच्या चिंचोळ्या परसांत अंजीर लावले. ते हिवाळ्यापूर्वी एका बाजूची मुळे तोडून आख्खे झाड चरात आडवे करत, किंवा फांद्या आवळून बांधून त्यांवर जुने गालिचे, घोंगड्या, डांबरी कागद गुंडाळत आणि पाणी आत जाऊ नये म्हणून शेंड्यावर बादली पालथी घालत. आज त्याच न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणारी मराठी कुटुंबे ऑक्टोबरात तुळस आणि कढीपत्त्याच्या कुंड्या घरात घेतात. परक्या हवेत आपले झाड जगवण्याची गरज पिढ्या आणि देश बदलले तरी बदलत नाही.

दख्खनकडे वळताना इतिहासाचा पहिला ठोस आधार दौलताबादचा मिळतो. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी म्हणून निवडलेल्या या नगराला पुढे भेट देणाऱ्या इब्न बतूता या मोरोक्कन प्रवाशाने तेथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात अशी नोंद केली आहे. उत्तर आफ्रिकेतील, भूमध्य सागराच्या हवेत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट आश्चर्याची वाटली असल्यास नवल नाही. जेथे हिवाळा झाडाला सक्तीने झोपवत नाही तेथे झाडाच्या वर्षाची आखणी माणूस करू शकतो, आणि दख्खनच्या फळबागायतीचे सारे कौशल्य याच एका शक्यतेवर उभे राहिले. अंजीरही पुढे दौलताबाद परिसराचे नावाजलेले फळ झाले. पुण्याकडे खेड-शिवापूर, आणि दिवेघाट चढून गेल्यावर लागणारे सासवडभोवतालचे पुरंदरचे पठार, ही अंजिराची प्रमुख क्षेत्रे ठरली, आणि यांतील दुसऱ्या क्षेत्राचे महत्त्व कालांतराने सर्वाधिक वाढले. दिवे, सोनोरी, गुरोळी, सिंगापूर, राजेवाडी या गावांतील हलकी, मुरमाड, चुनखडीयुक्त जमीन, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील कमी पाऊस आणि कोरडी हवा या गोष्टी भाताला निरुपयोगी असल्या तरी अंजिराला नेमक्या मानवल्या.

येथील बागाईतदार ज्याला बहार धरणे म्हणतात, ती संकल्पना समजून घेतल्याशिवाय या फळाचा इतिहास कळत नाही. बहार म्हणजे झाडाला एकाच वेळी येणारी फूट आणि तिच्यावरील फळ, आणि तो आपोआप येऊ न देता आपल्या सोयीच्या हंगामात आणणे म्हणजे बहार धरणे. त्यासाठी आधी झाडाला ताण द्यावा लागतो. ताण देणे म्हणजे ठरावीक काळ पाणी पूर्ण तोडणे, ज्यामुळे वाढ थांबते, पाने पिवळी पडून गळतात आणि काडीत अन्नसाठा होतो. पूर्वी अनेक फळझाडांच्या बाबतीत बुंध्याभोवतीची माती उकरून मुळ्यांना ऊन दाखवण्याचीही पद्धत होती. पुरेसा ताण बसला की आळे खांदून, शेणखत घालून, छाटणी करून पहिले पाणी सोडतात, आणि त्या पाण्याबरोबर झाड जागे होते. थंड देशात जे काम नोव्हेंबरची थंडी करते ते येथे कोरडी विहीर किंवा मुद्दाम अडवलेला पाट करतो. फरक इतकाच की थंडी कोणाच्या इच्छेने येत नाही, आणि ताण किती दिवस द्यायचा हे बागाईतदाराला झाडाकडे पाहून ठरवावे लागते. कमी पडला तर फूट पुढेमागे होऊन फळ एकसारखे येत नाही, जास्त झाला तर काडी वाळते.

अंजिरात असे दोन बहार धरले जातात. पावसाळ्याच्या तोंडाशी छाटणी करून जे फळ हिवाळ्यात काढतात त्याला खट्टा बहार म्हणतात, आणि पावसाळाभर झाडाला विश्रांती देऊन, पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी करून जे फळ उन्हाळ्यात काढतात तो मीठा बहार. नावांतच चवीचा निवाडा आहे. फळ पिकण्याच्या शेवटच्या टप्प्यात त्याला कोरडे ऊन आणि उष्णता मिळाली तर साखर भरते. हिवाळ्याच्या गार, धुक्याच्या सकाळी ते सावकाश पिकते, फिके राहते आणि दमट हवेत पानांवर तांबेरा पडतो. तांबेरा म्हणजे पानांच्या मागे विटकरी पुटकुळ्या आणणारा बुरशीजन्य रोग, आणि पुरंदरच्या अंजीर-बागाईतदाराला थंडीपेक्षा याच रोगाची भीती अधिक असते. पुरंदरात अंजिराशी हिवाळ्याचा संबंध येतो तो एवढाच: तेथे हिवाळा झाडाचा शत्रू नसून गोडीचा शत्रू आहे.

आर्जंतॉय आणि पुरंदर यांतील खरा विरोध छाटणीत दिसतो. जी जुनी काडी तेथे मातीखाली जपली जाते, ती येथे कात्रीने कमी केली जाते, कारण येथील पीक नव्या फुटीवर येते आणि जितकी नवी, जोमदार फूट तितके फळ अधिक. काडीवरील डोळे सुप्तच राहण्याचा अंजिराचा स्वभाव असल्याने पुण्याकडे खाच पाडण्याचीही पद्धत आहे: सुप्त डोळ्याच्या किंचित वर सालीचा इंचभर तिरकस काप काढून टाकतात, त्यामुळे शेंड्याकडून खाली येणारा आणि बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवणारा संप्रेरकाचा प्रवाह तेथे खंडित होतो आणि तो डोळा फुटतो. काप खोल गेला तर काडी मोडते, उथळ राहिला तर डोळा उघडत नाही. फळ काढण्याचे कामही असेच हाताचे आहे. पिकायला आलेल्या अंजिराची मान किंचित लवते, रंग हिरव्यावरून तांबूस-जांभळट होतो, आणि पहाटेच्या गारव्यात ते देठासह हलकेच वळवून तोडावे लागते. देठातून गळणारा पांढरा चीक बोटांची कातडी सोलवटतो. तोडलेले फळ टिकत नाही, दोन दिवसांत मऊ पडते, म्हणून करंडीत अंजिराचीच पाने अंथरून ते त्याच दिवशी पुण्याच्या किंवा मुंबईच्या बाजाराकडे निघते. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे अंजीर व सीताफळ संशोधन केंद्र पुरंदर तालुक्यातच जाधववाडी येथे आहे, विद्यापीठाच्या अंजिराच्या वाणाला फुले राजेवाडी असे येथल्याच गावाचे नाव मिळाले, आणि २०१६ मध्ये पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकनही मिळाले.

महाराष्ट्रात थंडीपासून पीक वाचवण्याची परंपरा मुळीच नाही असे मात्र नव्हे. ती अंजिराऐवजी द्राक्ष आणि केळीच्या बागांत घडली. नाशिकचा द्राक्ष-बागाईतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करतो, म्हणजे ज्या महिन्यांत युरोपातील वेल झोपलेली असते त्याच महिन्यांत त्याच्या वेलीवर मणी भरत असतात. निफाड परिसरात पारा तीन-चार अंशांवर आला की मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात, आणि हिरव्या जातींत दिवसरात्रीच्या तापमानातील मोठ्या फरकाने ते गुलाबी पडून निर्यातीला अपात्र ठरतात. त्यासाठी पहाटे बागेच्या कडेने शेकोट्या पेटवून धूर धरतात, विहिरीचे तुलनेने कोमट पाणी रात्री बागेला देतात, आणि हजारो घडांना एकेक करून वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. खानदेशात केळीच्या पानांवर थंडीने चरका पडू नये म्हणून शेताच्या बांधाने शेवरीचे दाट कुंपण लावतात आणि घडाला पिशवी घालतात. आर्जंतॉयच्या शेतकऱ्याने झाड झाकले, येथील शेतकरी फळ झाकतो, कारण येथे थंडीत झाड जागे असते. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून नाशिकच्या बागांत छाटणीनंतर काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात; वेलीला न मिळालेल्या हिवाळ्याची भरपाई करणारे हे रसायन आहे, आणि ताण देण्याच्या जुन्या युक्तीचेच ते आधुनिक रूप मानावे लागेल.

हा द्राक्षाचा माल कसारा घाट उतरून, शहापूर आणि पडघा ओलांडून भिवंडीच्या बाजूने मुंबईकडे जातो. भिवंडीच्या स्वतःच्या शेतीला अशा झाकाझाकीची गरज कधी पडली नाही, परंतु झाड छाटून त्याला पुन्हा फुटवण्याचे ज्ञान येथेही होते, फक्त त्याचा हेतू निराळा होता. ठाणे जिल्ह्यातील भातशेतीत रोपाची जागा आधी भाजून घेण्याची जी राब पद्धत आहे, तिच्यासाठी शेतकरी दरवर्षी ऐनासारख्या झाडांच्या फांद्यांचा टहाळ तोडत, शेण, टहाळ, गवत आणि माती यांचे थर रचून ते उन्हाळ्यात भाजत, आणि झाड पावसाळ्यात पुन्हा पालवत असे. वनखात्याने टहाळ तोडण्यावर निर्बंध घातले तेव्हा उठलेल्या तक्रारींची दखल घेण्यासाठी १८८५ मध्ये मुंबई सरकारला वनचौकशी आयोग नेमावा लागला आणि त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. झाडाला केव्हा तोडायचे आणि केव्हा सोडायचे हा प्रश्न या मातीतील माणसाला किती जिव्हाळ्याचा होता, हे त्यावरून समजते. अंजिराला मात्र हे ज्ञान पुरे पडले नसते. अडीच हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस, पाण्याने तुंबणारी भाताची जमीन आणि खाडीची कायमची दमट हवा यांमुळे येथे त्याला ताण बसत नाही, तांबेरा हटत नाही, आणि जे पाणी दिलेलेच नाही ते तोडताही येत नाही. त्याच कुळातील उंबर येथे वर्षभर फळतो, कारण तो याच पावसात घडलेला आहे.

आर्जंतॉयच्या अंजिराचा शेवट थंडीने केला नाही. हिवाळ्यांना पुरून उरलेल्या त्या बागा पॅरिसच्या विस्तारात गेल्या. रेल्वे, कारखाने आणि घरे आली आणि पुरणीचे काम जाणणारी माणसे दुसऱ्या कामांना लागली. भिवंडीच्या भातजमिनींचेही गेल्या काही दशकांत असेच झाले. यंत्रमागांनी शहर भरले आणि मानकोली, वळ, पुर्णा, काल्हेर या पट्ट्यात जेथे राब भाजले जात तेथे गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. पुरंदर तालुक्यात पारगाव, खानवडी, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी, एखतपूर आणि मुंजवडी या सात गावांच्या जमिनीवर विमानतळाचा प्रस्ताव २०१६ पासून आहे, आणि ही गावे अंजीर-सीताफळाच्या पट्ट्यातीलच आहेत. त्या प्रकल्पाचा निर्णय कोणताही होवो, पण ताण किती दिवसांचा, खाच किती खोल, पहिले पाणी कोणत्या पानगळीनंतर, हे ज्यांच्या हातांना ठाऊक आहे त्या बागाईतदारांकडून ते गाववार आणि जमीनवार लिहून घेण्याचे काम कृषी विद्यापीठाने आणि जिल्ह्यातील इतिहास-अभ्यासकांनी आता हाती घ्यावे; जमीन हातची गेल्यावर ते विचारायला कोणी उरणार नाही.